वाडगा उपडा करून पाहावा

गेल्या अंकातील जुन्या नाण्यांवरील लेखानंतर जी पत्रे आली, त्यांत दारव्ह्याच्या एका भगिनीचे पत्र निराळे होते. सासरच्या जुन्या घराची आवराआवर चालू आहे. माळ्यावरून तांब्यापितळेची भांडी उतरली, त्यांचे वजन झाले, वाटणीही झाली. पण त्यांच्यासोबत मातीचे, चकाकी दिलेले सात-आठ वाडगे निघाले आणि त्यांचे काय करावे हे घरात कोणालाच सुचेना. चांदीला भाव आहे, पितळेला आहे, मातीला कोण विचारतो, असे त्यांनी लिहिले आहे. प्रश्न एका ओळीचा असला तरी त्याचे उत्तर तेवढ्यात मावणारे नाही.

आपल्या व्यापारी घरांत चकाकीची मातीची भांडी पुष्कळ काळापासून आहेत. तपकिरी खांद्यांच्या आणि पांढऱ्या पोटांच्या बरण्या सर्वांच्या परिचयाच्या आहेत. जबलपूरला बर्न कंपनीचा कारखाना होता, ग्वाल्हेरला पॉटरी होती, गुजरातेत थानगढ-वांकानेरकडे हा धंदा मोठा होता. तिकडून असा माल वऱ्हाड-नागपूरच्या बाजारात येई. चहाच्या कपबशा कलकत्त्याच्या बंगाल पॉटरीजच्या असत. हा सर्व कारखान्यांचा माल. साच्यातून निघालेला, एकसारखा, बहुधा मागे छापील शिक्का असलेला. त्याचेही संग्राहक आहेत. परंतु तो आजचा विषय नाही. आजचा विषय आहे तो चाकावर हाताने घडवलेला, एकाच माणसाच्या किंवा लहानशा गटाच्या भट्टीतून निघालेला, विसाव्या शतकाच्या मध्यातील वाडगा. जगभर याला ‘स्टुडिओ पॉटरी’ म्हणतात. माती मळण्यापासून चाक, झिलई आणि भट्टीपर्यंतचे काम जेथे एकाच नजरेखाली होते, ते हे काम.

या प्रकाराला प्रतिष्ठा मिळाली ती इंग्लंड आणि जपान यांच्या देवाणघेवाणीतून. बर्नार्ड लीच हा इंग्रज जपानमध्ये कुंभारकाम शिकला आणि १९२० मध्ये शोजी हामादा या जपानी मित्राला सोबत घेऊन त्याने इंग्लंडच्या सेंट आइव्हज गावी भट्टी उभारली. त्याचे १९४० चे पुस्तक पुढे कुंभारकाम करणाऱ्या सुशिक्षितांची जणू पोथी झाले. दुसरे नाव ल्यूसी री यांचे. व्हिएन्नातून १९३८ मध्ये परागंदा होऊन त्या लंडनला आल्या आणि युद्धकाळात उपजीविकेसाठी त्यांनी मातीची बटणे केली. पुढे अरुंद बैठकीवर फुलासारखे उमलणारे, कागदासारखे पातळ वाडगे घडवून त्यांनी नाव कमावले. ज्या वाडग्यांत त्या काळी लोक सॅलड वाढत, ते आज लिलावात लाखो रुपयांना जातात.

हा प्रवाह आपल्या देशात आणणारे पहिले मोठे नाव सरदार गुरचरण सिंग यांचे. भूगर्भशास्त्राचे पदवीधर असलेला हा तरुण दिल्लीच्या एका वीटभट्टीवाल्याने १९१९ मध्ये सिरॅमिक शिकण्यासाठी जपानला पाठवला. तेथे लीच, हामादा आणि त्यांचे तत्त्वचिंतक मित्र सोएत्सू यानागी यांच्याशी त्यांचा स्नेह जुळला. १९५२ मध्ये त्यांनी दिल्लीत ‘दिल्ली ब्लू आर्ट पॉटरी’ काढली. १९९१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. बडोद्याच्या इरा चौधरी, पुण्याच्या निर्मला पटवर्धन ही त्यानंतरची नावे. पटवर्धनबाईंचे १९८४ चे कुंभारकामाचे मार्गदर्शक पुस्तक हिंदुस्थानी माती आणि झिलई यांवर काम करणाऱ्याच्या मेजावर असतेच. या मंडळींच्या वाडग्यांना आज मुंबई-दिल्लीत जाणते गिऱ्हाईक आहे.

आपल्या भगिनीचे सात-आठ वाडगे मात्र दिल्लीचे असण्याचा संभव थोडा. यवतमाळ जिल्ह्यातील माणसाने आधी जवळ पाहावे. वणीहून वर्धा नदी ओलांडून वरोऱ्याच्या पुढे गेले की भद्रावती लागते. स्टेशनचे नाव अजूनही भांदक. आपल्यापैकी बहुतेक कुटुंबे श्री केशरिया पार्श्वनाथांच्या दर्शनाला तेथे एकदा तरी गेलेली असतातच. दर्शन, भोजनशाळा आणि परतीची गाडी, असा आपला क्रम. त्याच गावात कृष्णमूर्ती मिरमिरा या गांधीविचाराच्या कार्यकर्त्याने १९५५ मध्ये ग्रामोदय संघ स्थापन केला आणि कुंभारकाम हे त्याचे मुख्य कार्य ठेवले. ही गोष्ट आपल्या यात्रेकरूंपैकी फार थोड्यांच्या लक्षात असते.

त्या काळाचा संदर्भ ध्यानात घेतला पाहिजे. वर्ध्याच्या मगनवाडीत १९३४ पासून ग्रामोद्योग संघाचे काम चालू होते आणि कुमारप्पांसारखा अर्थशास्त्रज्ञ खेड्यातील धंद्यांचा हिशेब मांडत होता. स्वातंत्र्यानंतर तेच विचार सरकारी योजनांत उतरले. बेळगाव जिल्ह्यात खानापूरला १९५४ मध्ये कुंभारकामाची केंद्रीय संस्था निघाली. प्रश्न सर्वत्र एकच होता. गावच्या कुंभाराचे गिऱ्हाईक आधी पितळेने नेले, मग ॲल्युमिनियमने; उरले ते स्टेनलेस स्टील नेणार होते. साधे भाजलेले मडके पाझरते, तेल शोषते, शहरी स्वयंपाकघरात टिकत नाही. त्याला झिलई चढवता आली आणि भट्टीची आच वाढवता आली, तर त्याच चाकावर त्याच हाताला नवा बाजार मिळेल, असा हा विचार होता. त्यात भावुकता कमी आणि धंद्याची समज अधिक होती, असे माझे मत आहे.

आणि भद्रावतीची जागाही विचार करण्यासारखी. अवतीभवती कोळशाच्या खाणी. कोळशाच्या थरांसोबत भट्टीची उष्णता सोसणारी चिकणमाती सापडते. नदीच्या अलीकडे आपल्या वणी तालुक्यात राजूरला चुन्याच्या भट्ट्या. माती, जळण आणि झिलईला लागणारा चुना एवढ्या थोड्या अंतरात असणे ही लहान गोष्ट नव्हे. वणी शाखेत असताना भट्टीवाल्यांच्या कर्जप्रकरणांमुळे मला हा सर्व भाग पायाखाली घालावा लागला. वाडग्यांची गोडी मला तेथे लागली. ग्रामोदय संघाच्या आवारात देशातील कलावंत येऊन काम करून जातात, हेही मला तेथेच कळले.

आता वाडगा हाती आला तर पाहावे काय? आपल्याकडे भांडे पाहताना आधी आत पाहतात. संग्राहक ते उपडे करतो. झिलई भट्टीत वितळून काचेसारखी होते. बुडालाही ती लावली तर भांडे खालच्या फळीला चिकटून बसेल. म्हणून बैठकीची कडी उघडी ठेवावी लागते आणि तेथे खरी माती दिसते. तांबूस आणि सच्छिद्र असेल, ओले बोट लावताच पाणी पीत असेल, तर साधारण हजार-अकराशे अंशांवर भाजलेले मातीचे भांडे. करडी किंवा बदामी, घट्ट, पाणी न पिणारी असेल तर स्टोनवेअर. त्याला बाराशे ते तेराशे अंशांची आच लागते. बैठक चाकावर कोरून काढली असेल तर हत्याराच्या गोल रेघा दिसतात. दोऱ्याने नुसती कापली असेल तर शिंपल्यासारखी वळणे उमटलेली असतात. साच्यातल्या मालाला यांतले काही नसते. मग आत पाहावे. तळाशी झिलई नसलेले गोल कडे दिसले, तर समजावे की भट्टीत जागा वाचवण्यासाठी वाडग्यात वाडगा रचून भाजले आहे. काही जण हा दोष मानतात. मला तो आवडतो. चार पैसे वाचवण्याची कुंभाराची ती खूण आहे, आणि काटकसर आपल्याला कोणी शिकवायला नको.

टिचकी मारून आवाज ऐकावा. सलग भांडे घंटेसारखे बोलते. केसाएवढा तडा असला तरी ‘खट्ट’ असा बद्द आवाज येतो. काठावरून नख फिरवावे. उडालेला टवका रंगाने बुजवला असेल तर नखाला तेथे मऊपणा कळतो, कारण रंग काचेइतका कठीण कधीच होत नाही. झिलईवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेघा असतील तर घाबरू नये. माती आणि झिलई थंड होताना सारख्या प्रमाणात आकसल्या नाहीत की त्या उमटतात. तो तडा नव्हे.

माझ्याजवळ आज चौदा वाडगे आहेत. त्यांतील मला सर्वांत प्रिय वाडगा काळसर तपकिरी आहे. एका बाजूला झिलईत बोटाच्या पेराएवढी जागा कोरी राहिली आहे. झिलईच्या पातेल्यात बुडवताना तो जेथे धरला होता, ती ही जागा. माझे बोट तेथे बरोबर बसत नाही. धरणाऱ्याचा हात लहान होता. स्त्रीचा असेल, शिकाऊ मुलाचा असेल. वाडग्याखाली नाव मात्र नाही.

खरी अडचण येथे आहे. मुंबईच्या एका विक्रेत्याला मी या वाडग्याचे छायाचित्र पाठवले तेव्हा त्याने एकच प्रश्न विचारला, मागे सही आहे का? नाही म्हणताच त्याची उत्सुकता संपली. त्याला दोष देता येत नाही. बाजार नावावर चालतो. आपल्या पेढ्याही नावावरच चालत आल्या. परंतु ग्रामोद्योगाच्या भट्ट्यांतून त्या काळी जो माल निघाला, त्यावर कारागिराने सही करण्याची रीत सहसा नव्हती. तो माल प्रदर्शनांत आणि खादी भांडारांत विकला गेला, घरोघरी वापरला गेला. आता ती घरे पाडली जात आहेत. पितळ वजनावर जाते. वाडगा भंगारवाल्याला फुकट दिला जातो आणि त्याच्या गाडीवर चढतानाच निम्मा फुटतो. गेल्या पंधरा वर्षांत वणी, दिग्रस, पुसदकडच्या जुन्या घरांतून असे किती गेले असतील याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही.

येथे जपानमधील एका वाडग्याची हकीकत सांगितली पाहिजे, कारण ती आपल्यासारख्या एका व्यापाऱ्याची आहे. क्योतो शहरातील दाईतोकुजी मठाच्या कोहोआन या उपमठात ‘किझाएमोन’ नावाचा चहाचा वाडगा आहे आणि तो जपानचा राष्ट्रीय ठेवा म्हणून जपला जातो. घडवला तो कोरियातील कोणा अनाम कुंभाराने, तोही गोरगरिबांच्या रोजच्या वापरासाठी. ओबडधोबड, किंचित वाकडा. मग किझाएमोन कोण? तो ओसाका येथील ताकेदा किझाएमोन नावाचा व्यापारी. हा वाडगा त्याच्या मालकीचा होता. पुढे त्याला विपन्नावस्था आली, उपजीविकेसाठी हलके काम पत्करावे लागले, तरी त्याने वाडगा विकला नाही, अशी आख्यायिका आहे. नंतर १७७५ मध्ये मात्सुदायरा फुमाई या सरदाराने तो साडेपाचशे र्‍यो एवढी मोठी रक्कम मोजून घेतला आणि त्याच्या पश्चात तो मठात पोहोचला. वर उल्लेखिलेले यानागी यांनी १९३१ मध्ये तो प्रत्यक्ष हाती घेऊन पाहिला आणि अनाम कारागिराच्या थोरवीविषयीचा आपला विचार त्याच्या आधारे मांडला.

यानागींचा भर कारागिरावर होता. बँकेत उमर गेलेल्या माझ्यासारख्याला मात्र त्यात दुसरे काही दिसते. करणाऱ्याचे नाव कायमचे हरवले, तरी वस्तूची ओळख राहिली. कारण ज्यांच्या हातांतून ती गेली त्यांची नोंद राहिली. कोणाकडे होती, किती साली गेली, काय मोजले, पुढे कोठे आली. जपानमध्ये अशी भांडी लाकडी पेटीत ठेवतात आणि पेटीवर ही माहिती लिहितात. पेटी हरवली तर भांड्याची किंमतही उतरते. कर्ज देताना आम्ही तारण पाहायचो, पण त्याआधी तारणाचे कागद पाहायचो. मालमत्ता उत्तम आणि कागद नाही, अशी प्रकरणे सर्वांत कठीण. आपल्या वाडग्यांची स्थिती नेमकी तशी आहे. आणि कागद करण्याची विद्या तर आपल्या समाजाची. ज्यांच्या आजोबांनी पै-पैची खतावणी लिहिली, त्यांच्या घरात एका वाडग्याला एक ओळ मिळू नये?

म्हणून दारव्ह्याच्या भगिनीला माझे सांगणे असे. वाडग्यांचे मोल करण्याआधी घरातील सर्वांत वडील बाईंजवळ बसावे आणि एकेक वाडगा त्यांच्या हाती द्यावा. छायाचित्र दाखवू नये. वजन हाताला लागले की आठवण निराळी येते. कोठून आला, कोणी आणला, कशासाठी वापरत होते, ते त्यांच्याच शब्दांत लिहून घ्यावे. माझ्याजवळच्या एका वाडग्याची चिठ्ठी अशी आहे: ‘भांदकच्या दर्शनाहून परतताना घेतला, मोठ्या नणंदेच्या लग्नाच्या आदल्या वर्षी, दह्याला वापरला नाही, साखरेला वापरला.’ लग्नाचे साल पत्रिकेवरून मिळाले. हा वाडगा भद्रावतीतच घडला, असे यावरून सिद्ध होत नाही. भद्रावतीच्या बाजारात खुर्जाचा मालही असू शकतो. म्हणून सांगोवांगीची गोष्ट सांगोवांगी म्हणूनच लिहावी, खात्रीची म्हणून नव्हे, परंतु लिहावी. पन्नास घरांतील अशा चिठ्ठ्या एकत्र आल्या, तर अभ्यासकाला माती आणि झिलई ताडून पाहण्यास आधार मिळेल. ती बाई गेल्यानंतर कितीही पैसे मोजले तरी हा आधार मिळणार नाही.

बाजारभावाविषयी विचारणाऱ्यांसाठी थोडे स्पष्ट लिहितो. गुरचरण सिंग यांच्यासारख्या कलावंताची खात्रीची खूण असलेला वाडगा निघाला, तर घाईने देऊ नये. दोन जाणकारांना दाखवावा. बिननावाच्या वाडग्याला आज फारसे पैसे मिळत नाहीत, आणि उद्या मिळतील असे आश्वासन देणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. गुंतवणूक म्हणून हा संग्रह करू नका; त्यासाठी मुदत ठेव बरी. कायद्याच्या दोन गोष्टी ध्यानात असाव्यात. पुरावस्तूंच्या १९७२ च्या कायद्यातील सर्वसाधारण मर्यादा शंभर वर्षांची आहे. शतकाच्या मध्यातील वाडगे अद्याप तीत येत नाहीत. आणि प्राप्तिकरात घरगुती वापराच्या वस्तू भांडवली मालमत्ता धरल्या जात नसल्या, तरी ‘कलाकृती’ या सवलतीतून वगळलेल्या आहेत. घरातला वाडगा कलाकृती ठरून विकला गेला, तर सनदी लेखापालाला आधी विचारावे.

कुंभाराचा विषय निघाला की मला उपासकदशांगातील सद्दालपुत्ताची आठवण होते. पोलासपूर नगराबाहेर त्याच्या पाचशे कुंभारशाळा होत्या. म्हणजे आजच्या भाषेत तो मोठा उद्योजकच. तो नियतिवादी आजीवक मताचा होता. उन्हात वाळत घातलेली त्याची मडकी पाहून भगवान महावीरांनी त्याला विचारले की ही प्रयत्नाने होतात की प्रयत्नाशिवाय? सर्व काही ठरलेलेच असते, असे तो म्हणाला. मग ही मडकी कोणी फोडली तर तू काय करशील, असे विचारल्यावर त्याला शिक्षा करीन, असे तो म्हणाला. पण शिक्षा करायची म्हटली, तर नियतिवाद राहत नाही. भट्टीवरचे लोक आजही ‘आगीच्या मनात असेल तसे’ असे म्हणतात, पण आच किती वाढवायची हे रात्रभर जागून तेच ठरवतात.

शेवटी उपयोगाचे. जुने, कमी आचेवर भाजलेले, चकचकीत झिलईचे वाडगे खाण्यासाठी वापरू नयेत. कमी उष्णतेत झिलई वितळावी म्हणून पूर्वी तीत शेंदूर घालत, आणि शेंदूर म्हणजे शिसेच. लिंबू, चिंच, दही, लोणचे अशा आंबट पदार्थांत ते उतरते आणि लहान मुलांना त्याचा अपाय अधिक. उच्च आचेच्या स्टोनवेअरला ही भीती कमी, पण आपल्याला खात्री नसेल तर त्यात सुपारी, बडीशेप, सुटी नाणी ठेवावीत. धुताना साधे कोमट पाणी आणि मऊ फडके पुरे. घासणीने झिलईवर चरे पडतात. तडा असलेला वाडगा पाण्यात बुडवून ठेवू नये. एकावर एक रचायचे असतील तर मध्ये जुन्या धोतराची घडी घालावी. वर्तमानपत्राची शाई उघड्या बैठकीच्या मातीत उतरते. माहितीची चिठ्ठी वाडग्याला चिकटवू नये. ती शिसपेन्सिलीने लिहून आत ठेवावी आणि तिची एक प्रत घरच्या कागदपत्रांत, विमा आणि खरेदीखते असतात त्या पिशवीत, असू द्यावी. ती पिशवी सहसा कोणी भंगारात देत नाही.